सरकारी दप्तरातील आपली नोंद : दुरुस्ती कशी मागावी?



समाजाच्या उन्नतीचा विचार करताना आपण शिक्षण, नोकरी, घर व जमीन यांविषयी पुष्कळ बोलतो. परंतु या प्रत्येक गोष्टीच्या दारात एक कागद उभा असतो आणि त्या कागदावर आपले नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख, धर्म व जात लिहिलेली असते. ती नोंद बरोबर असेल तर कागदाची कोणाला आठवणही होत नाही. ती चुकीची असेल तर हुशार विद्यार्थ्याचा प्रवेश अडतो, कामगाराचा भविष्य निर्वाह निधी अडकतो आणि विधवा भगिनीला पेन्शनसाठी वर्ष-वर्ष खेटे घालावे लागतात. आम्ही बँकेच्या काउंटरमागे बसणारी माणसे. पासबुकावर एक नाव, आधारवर दुसरे आणि धनादेशावर तिसरे, असा प्रकार आमच्यासमोर रोज येतो. माणूस तोच असतो, पण कागद ते मानायला तयार नसतो. सबब सरकारी दप्तरातील आपल्या नोंदीत दुरुस्ती कशी मागावी, कोठे मागावी व केव्हा मागावी, याची माहिती या लेखात एकत्र देण्याचा प्रयत्न करीत आहोत.

चुका होतात कशा?

आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत जन्माची नोंद करण्याची रीत फारशी नव्हती. मूल शाळेत घालण्याच्या वेळी वय विचारले जाई. पालकांना सांगता येत नसे, मग गुरुजी शाळा सुरू होण्याच्या सुमाराची १ जून ही तारीख लिहून मोकळे होत. म्हणूनच आपल्याकडील एका पिढीतील असंख्य लोकांचा वाढदिवस १ जूनला येतो! नावांचेही तसेच. घरी हाक मारण्याचे नाव रजिस्टरात गेले, पुढे मुलाला चांगले नाव मिळाले, पण रजिस्टर तेथेच राहिले. 'कांबळे' हे आडनाव रोमन लिपीत लिहिताना मधे 'ए' घालावा की नाही, हे त्या त्या कारकुनाने आपल्या मर्जीने ठरविले. पुढे संगणक आला आणि ज्या फरकाकडे पूर्वी माणूस कानाडोळा करीत असे, तो फरक यंत्र मान्य करीनासे झाले.

मात्र प्रत्येक फरक ही चूक नसते. आपला रायगड जिल्हा १ जानेवारी १९८१ पूर्वी कुलाबा जिल्हा होता आणि १ मे १९६० पूर्वी आपण मुंबई राज्यात होतो. त्यामुळे आजोबांच्या दाखल्यावर 'तालुका पेण, जिल्हा कुलाबा' असे लिहिलेले असेल तर ते त्या काळाप्रमाणे बरोबरच आहे. अशा कागदावर दुरुस्ती मागू नये व कोणाला हाताने 'रायगड' लिहूही देऊ नये.

बौद्ध समाजाचा विशेष प्रश्न

आपल्या समाजाच्या नोंदींमागे एक वेगळा इतिहास आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे परमपूज्य बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखो लोकांनी त्यांचे अनुकरण केले. परंतु १९५० च्या अनुसूचित जातींच्या राष्ट्रपती आदेशात अनुसूचित जातीची व्यक्ती हिंदू असली पाहिजे अशी अट होती. १९५६ मध्ये तीत शीख धर्माचा समावेश झाला, पण बौद्धांचा समावेश होण्यास १९९० साल उजाडावे लागले. महाराष्ट्र शासनाने नवबौद्धांना आपल्या सवलती दिल्या होत्या, परंतु केंद्र सरकारच्या नोकऱ्या व सवलती यांचे दार या मधल्या काळात बंद होते.

याचा परिणाम आपल्या दप्तरावर झाला. एकाच कुटुंबात आजोबांच्या नोंदीला 'महार', थोरल्या काकांना 'हिंदू महार', वडिलांना 'नवबौद्ध' आणि मुलाला नुसतेच 'बौद्ध' असे लिहिलेले आढळते. यात कोणी खोटे बोलले असे नव्हे. ज्याने त्याने आपल्या काळाप्रमाणे, आपल्या स्वाभिमानाप्रमाणे किंवा मुलांच्या पोटाचा विचार करून लिहिले.

आता कायदा काय म्हणतो ते नीट समजून घेतले पाहिजे. महाराष्ट्रासाठी असलेल्या अनुसूचित जातींच्या यादीत ५९ जाती आहेत व त्यात महार ही जात ३७ व्या क्रमांकावर आहे. 'बौद्ध' असे नाव त्या यादीत नाही, कारण बौद्ध हा धर्म आहे, जात नव्हे. म्हणून जातीचा दाखला मागताना धर्म बौद्ध आणि धर्मांतरापूर्वीची जात अमुक, अशा दोन्ही गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. त्यातही १० ऑगस्ट १९५० रोजी आपले वाडवडील कोठले कायम रहिवासी होते हे पाहिले जाते. २००० सालच्या महाराष्ट्राच्या जात प्रमाणपत्र कायद्याच्या कलम ८ प्रमाणे पुराव्याचा भार अर्जदारावर आहे. १९५० पूर्वीची आजोबांची शाळेतील नोंद म्हणजे प्रवेश-निर्गम उतारा, किंवा गाव नमुना १४ म्हणजे कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूची नोंद, हा त्यातील सर्वांत बळकट पुरावा होय.

काही स्वाभिमानी बांधव असे म्हणतात, की आम्ही ती जात सोडली, मग आजोबांच्या नोंदीतील तो शब्द आता काढूनच टाकावा. त्यांची भावना आम्हाला समजते. परंतु विचार करा : तो शब्द आपल्यावर झालेल्या अन्यायाची नोंद आहे आणि अन्यायाच्या परिमार्जनाचा हक्क त्याच नोंदीवर उभा आहे. पुरावा पुसला तर हक्कही पुसला जातो. आपल्या मुलाच्या नोंदीत धर्म 'बौद्ध' अवश्य लिहावा, अभिमानाने लिहावा. वाडवडिलांच्या नोंदीला मात्र हात लावू नये. तिची प्रमाणित नक्कल काढून जपून ठेवावी.

दुरुस्ती म्हणजे खाडाखोड नव्हे

बँकेच्या खातेवहीत आकडा चुकला तर तो रबराने पुसायचा नसतो. त्यावर एक आडवी रेघ मारून, वर बरोबर आकडा लिहून, बाजूला सही करावी लागते. जुने काय होते, नवे काय झाले आणि कोणी केले, हे तिन्ही दिसले पाहिजे. सरकारी दप्तराचाही हाच नियम आहे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ च्या कलम १५ प्रमाणे निबंधक मूळ नोंदीत फेरफार न करता समासात दुरुस्तीची नोंद घेतो व तेथे सही आणि तारीख टाकतो. म्हणून 'थोडे पैसे द्या, खोडून नवे लिहून देतो' असे कोणी सांगितले तर त्याच्या वाटेला जाऊ नये. जात पडताळणी समितीला दक्षता पथक असते व ते मूळ रजिस्टर पाहते. खाडाखोड केलेली खरी नोंदसुद्धा तेथे संशयास्पद ठरते. खोट्या माहितीच्या आधारे जातीचे प्रमाणपत्र मिळविणाऱ्यास वरील कायद्यात सहा महिने ते दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

या संदर्भात बाबासाहेबांचेच उदाहरण पाहू. ७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारच्या शाळेत त्यांचे नाव 'भिवा रामजी आंबेडकर' असे दाखल झाले. पुढे ते भीमराव म्हणून जगाला माहीत झाले, पण ते रजिस्टर कोणी बदलले नाही. ती नोंद जशीच्या तशी राहिली म्हणूनच तो दिवस आज आपल्याला ठाऊक आहे आणि २०१७ पासून राज्यात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो.

आधी मूळ, मग फांद्या

आपले सर्व कागद एकमेकांच्या नकला असतात. शाळेचा दाखला पाहून जातीचा दाखला होतो, तो पाहून शिष्यवृत्ती मिळते. जन्माचा दाखला पाहून आधार होते, आधार पाहून बँकेचे खाते होते. चूक कोणत्या कागदात शिरली हे शोधून आधी तेथे दुरुस्ती करावी. वरवरचा कागद बदलला आणि मूळ तसेच राहिले तर आज एक काम होईल, पण उद्या दुसरीकडे तीच अडचण पुन्हा उभी राहील.

तसेच आपली मागणी कोणत्या प्रकारची आहे हे ओळखावे. पहिला प्रकार लेखनदोषाचा. 'गौतम'चे 'गोतम' झाले, तर खरी माहिती त्याच दप्तरातील दुसऱ्या कागदावरून सिद्ध होते व काम सोपे असते. दुसरा प्रकार चुकीच्या माहितीचा. जन्मतारीखच वेगळी लागली असेल तर त्यासाठी स्वतंत्र पुरावा व चौकशी लागते. तिसरा प्रकार स्वेच्छेने केलेल्या बदलाचा, म्हणजे नवे नाव, नवे आडनाव किंवा धर्मांतर. त्यासाठी महाराष्ट्र शासन राजपत्रात जाहिरात द्यावी लागते. मात्र राजपत्रातील जाहिरात ही केवळ प्रसिद्धी असते. तिच्या खरेपणाची जबाबदारी शासन घेत नाही आणि तिच्यामुळे कोणाची जात वा जन्मतारीख सिद्ध होत नाही.

कोणती नोंद, कोणते दार?

जन्म-मृत्यूची नोंद : खेड्यात ग्रामपंचायत आणि शहरात नगरपरिषद. बालकाचे नाव जन्मानंतर बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क व त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून दाखल करता येते. १ ऑक्टोबर २०२३ पासून सुधारित कायदा लागू झाला आहे. त्या तारखेस वा नंतर जन्मलेल्या बालकाच्या शाळाप्रवेशापासून मतदार यादी, वाहन परवाना व सरकारी नोकरीपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्माचा दाखलाच लागणार आहे. तसेच १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांवर बालकाचे नाव, आईचे नाव, मग वडिलांचे नाव व आडनाव असा क्रम राज्य शासनाने ठरविला आहे. तेव्हा बाळाचा दाखला हातात पडताच तो तेथेच वाचावा.

शाळेची नोंद : अर्ज मुख्याध्यापकांकडे करावा. नाव, जन्मतारीख, जात यांतील बदलास शिक्षण खात्याची मंजुरी लागते. माध्यमिक शाळा संहितेप्रमाणे हे अर्ज विद्यार्थी शाळेत असतानाच करावयाचे असतात. शाळा सोडल्यानंतर उघड लेखनदोषाखेरीज अन्य मागणी मान्य होणे कठीण असते. म्हणून पालकांनी मुलगा-मुलगी नववीत असतानाच रजिस्टरातील नोंद पाहून घ्यावी. दहावीच्या परीक्षेचा अर्ज भरला, की ती चूक मंडळाच्या गुणपत्रिकेवर जाते.

जातीचा दाखला : तो उपविभागीय अधिकारी म्हणजे प्रांत देतात. डोलवी-वडखळ परिसरात कारखान्यांमुळे अनेक जिल्ह्यांतून आलेली कुटुंबे राहतात. त्यांनी लक्षात ठेवावे, की आज आपण डोलवीत राहत असलो तरी १० ऑगस्ट १९५० रोजी आपले वाडवडील जेथील कायम रहिवासी होते, तेथीलच प्रांत कार्यालयात अर्ज करावा लागतो. विवाहित भगिनींची जात वडिलांकडून सिद्ध होते, म्हणून त्यांनी माहेरचे कागद व नावातील बदलाचा पुरावा जोडावा. बारावी विज्ञान शाखेतील विद्यार्थ्यांनी पडताळणीचा अर्ज महाविद्यालयामार्फत वेळेत करावा, प्रवेशाची यादी लागेपर्यंत थांबू नये.

जमिनीची नोंद : सात-बारावरील नावातील लेखनदोषासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. वडील वारल्यावर वारस नोंद ही दुरुस्ती नसून फेरफार आहे. त्याची वर्दी तीन महिन्यांत तलाठ्यांकडे द्यावी व मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार प्रमाणित केल्याची खात्री करावी. आपल्या भागात रस्ता, कारखाना, जेटी यांसाठी जमिनी जातात. मोबदल्याची नोटीस सात-बारावरील नावानेच निघते, आणि मयताच्या नावाने निघालेली रक्कम वारसांच्या हाती पडेपर्यंत काय हाल होतात ते सर्वांना ठाऊक आहे.

आधार : नाव दोनदा, तर जन्मतारीख व लिंग एकदाच बदलता येते. म्हणून घाईने संधी वाया घालवू नये. आधी शाळेचा किंवा जन्माचा दाखला बरोबर करून घ्यावा, मगच आधार केंद्रावर जावे. आधार हा ओळखीचा पुरावा आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वयाच्या निश्चितीसाठी आधारऐवजी शाळा सोडल्याच्या दाखल्याला पसंती दिली आहे.

मतदार यादी : नाव, वय, पत्ता यांच्या दुरुस्तीसाठी नमुना ८ भरावा.

भविष्य निर्वाह निधी : कंत्राटी कामगारांची नावे या खात्यात फार चुकतात. कामगार व मालक यांच्या संयुक्त घोषणापत्राने दुरुस्ती होते. १ ऑक्टोबर २०१७ नंतर खाते क्रमांक मिळालेल्या व आधारशी पडताळणी झालेल्या सभासदाला जानेवारी २०२५ पासून अनेक दुरुस्त्या मालकाच्या सहीशिवाय स्वतः करता येतात. कंत्राटदार बदलण्यापूर्वीच हे काम उरकावे.

सेवापुस्तक : सरकारी नोकरीत लागल्यावर जन्मतारखेतील बदलाचा अर्ज पाच वर्षांच्या आत करावा लागतो. निवृत्ती जवळ आल्यावर केलेली मागणी ऐकली जाणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ सालीच बजावले आहे.

अर्ज कसा लिहावा?

अर्जात गाऱ्हाणे कमी व माहिती जास्त असावी. नमुन्यादाखल पुढील मजकूर उपयोगी पडेल :

'मा. मुख्याध्यापक यांस, विषय : नोंदवहीतील वडिलांच्या नावात दुरुस्ती होणेबाबत. महोदय, आपल्या शाळेच्या नोंदवहीत अनुक्रमांक ….. वर माझ्या पाल्याची नोंद आहे. तीत वडिलांचे नाव ….. असे लागले आहे. ते ….. असे असावयास हवे. पुराव्यादाखल जन्माचा दाखला व माझा शाळा सोडल्याचा दाखला यांच्या प्रमाणित प्रती जोडल्या आहेत. मूळ नोंद कायम ठेवून नियमानुसार दुरुस्ती व्हावी व झालेल्या दुरुस्तीसह उतारा मिळावा, ही विनंती.'

अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात. एक देऊन दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, सही व शिक्का घ्यावा. पोच नसलेला अर्ज दिला काय आणि न दिला काय, सारखेच. मूळ कागद कोणाच्याही स्वाधीन करू नये, ते फक्त दाखवावेत. जात, उत्पन्न, अधिवास आदी दाखल्यांसाठी शासकीय कार्यालयात द्यावयाच्या प्रतिज्ञापत्रास २००४ पासून मुद्रांक शुल्क माफ आहे. तरीही अनेक विद्यार्थ्यांना मुद्रांक आणण्यास सांगितले जाते. त्यांनी या माफीची आठवण नम्रपणे करून द्यावी.

नकार आला तर?

तोंडी नकार घेऊन घरी येऊ नये. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ प्रमाणे अधिसूचित सेवा ठराविक मुदतीत द्यावी लागते, नाकारल्यास कारण लेखी द्यावे लागते आणि त्याविरुद्ध अपील करता येते. अर्जाचे पुढे काय झाले हे कळत नसेल, तर माहिती अधिकार अधिनियम २००५ खाली दहा रुपये शुल्क भरून आपली मूळ नोंद व टिपणी पाहण्यास मागता येते. उत्तराची मुदत तीस दिवसांची असते.

आपल्याविषयी सरकारने काय लिहून ठेवले आहे ते पाहण्याचा व सुधारून घेण्याचा हक्क जगभर मान्य होत आला आहे. अमेरिकेत १९७४ च्या कायद्याने केंद्रीय कार्यालयांतील आपल्या नोंदीची दुरुस्ती मागता येते, आणि वरिष्ठांनीही ती नाकारली तर आपले मतभेदाचे निवेदन त्या नोंदीसोबत ठेवावे लागते. युरोपीय संघात २०१८ पासून लागू असलेल्या नियमात हा हक्क स्पष्ट दिला आहे. भारतातही २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमात दुरुस्तीच्या हक्काचे कलम आले आहे. तेव्हा दुरुस्ती मागणारा माणूस साहेबाकडे मेहेरबानी मागत नसतो, तो आपला हक्क बजावीत असतो.

शेवटी एकच विनंती. येत्या सुट्टीत प्रत्येक घराने एक कोरा कागद घ्यावा. त्यावर कुटुंबातील प्रत्येकाचे नाव, जन्मतारीख, धर्म व जात, ही जन्माचा दाखला, शाळेचा दाखला, आधार, पासबुक व मतदार यादी यांवर जशी लिहिली आहे तशी ओळीने लिहून काढावी. फरक आपोआप दिसेल. घरातील शिकलेल्या मुला-मुलींनी हे काम अंगावर घ्यावे, आणि आपले झाल्यावर शेजारच्या आजीचाही कागद वाचून द्यावा. नोंदीतील चूक वर्षानुवर्षे शांत बसून असते आणि नेमकी गरजेच्या दिवशी उभी राहते. तो दिवस येण्याआधीच ती दुरुस्त करून घेणे हे आपल्या हातात आहे.

जय भीम!